गुन्हे किती आणि भीती किती?

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये उमरोळी हे एक लहानसे स्थानक आहे. संध्याकाळची गाडी येथे थांबली की पालघरच्या कचेऱ्यांतले कारकून, शाळांतले शिक्षक, महाविद्यालयातले विद्यार्थी आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे निघालेले रात्रपाळीचे कामगार यांची फलाटावर घटकाभर गर्दी होते आणि ओसरते. तेवढ्या वेळात जी बोलणी कानांवर पडतात त्यांत एक विषय वर्षानुवर्षे टिकून आहे. दिवस वाईट आले आहेत. पूर्वी असे नव्हते. आता रात्रीचे बाहेर पडण्याची सोय राहिली नाही. कोणी काही वर्तमानपत्रात वाचलेले असते, कोणाला साडूने सांगितलेले असते, कोणी खिशातला फोन काढून चलच्चित्रच पुढे धरतो. त्याच माणसाला थांबवून विचारावे, की बाबा, तुझ्या आळीत गेल्या वर्षभरात काय काय घडले? तो आठवू लागतो. एक मोटारसायकल चोरीला गेली, बांधावरून दोन घरांत मारामारी झाली, एका पाड्यावर दारूच्या नशेत कोणी बायकोचे डोके फोडले. यादी बहुधा येथेच संपते. पण दिवस वाईट आले आहेत, हे मत मात्र संपत नाही.

गुन्हा ही एक गोष्ट आणि गुन्ह्याविषयीची आपली समजूत ही दुसरी गोष्ट. या दोहोंत अंतर असते आणि ते बहुतेक समाजांत असते. परंतु हे अंतर समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी मोजावे आणि इतरांनी विसरून जावे इतके निरुपद्रवी नाही. आपल्याच जिल्ह्यात त्याने तीन माणसांचे बळी घेतले आहेत.

गडचिंचल्याची रात्र

१६ एप्रिल २०२० ची ती रात्र. टाळेबंदीला तीन आठवडे होऊन गेले होते. डहाणू, तलासरी, विक्रमगड या पट्ट्यातील पाड्यापाड्यांत तेव्हा एकच बोलवा होती. चोर फिरताहेत, मुले पळवणारे फिरताहेत, माणसांच्या किडन्या काढून नेणारे फिरताहेत. गावोगावचे तरुण काठ्या घेऊन रात्री जागत होते. दोनच दिवस आधी कासा परिसरात मदतीसाठी गेलेल्या एका डॉक्टरांच्या गाडीवर आणि त्यांच्या सुटकेसाठी धावलेल्या पोलिसांवरही दगडफेक झाली होती. सावध होण्यासाठी एवढी सूचना पुरेशी होती. पण ती कोणी घेतली नाही.

अशा वेळी कांदिवलीहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक हमरस्ता सोडून आतल्या वाटेने दादरा-नगरहवेलीच्या सीमेलगतच्या गडचिंचले गावाजवळ आले. वनखात्याच्या चौकीपाशी त्यांची गाडी अडली. बघता बघता शेकडोंचा जमाव जमला. गावच्या महिला सरपंचांनी लोकांना आवरण्याचा प्रयत्न केला, असे त्यांनी पुढे सांगितले. पोलीस आले; त्यांच्याही गाड्या फुटल्या. आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांना ठेचून मारण्यात आले. त्या तिघांनी कोणाचे काही चोरले नव्हते, कोणाच्या मुलाला हात लावला नव्हता. शंभरावर माणसे अटकेत गेली. ज्यांच्या घरची कर्ती माणसे अशी एका रात्रीत तुरुंगात गेली, त्या पाड्यांचे पुढे काय झाले असेल याची कल्पना करता येईल.

पण प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. पहिल्या अफवेने माणसे मारली होती. दुसऱ्या अफवेने त्या मरणांना भलताच रंग दिला. चारच दिवसांत देशभर असे पसरले की हे धर्मद्वेषाचे कृत्य आहे. अखेर राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची नावे जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नसल्याचे सांगावे लागले. मारणारे आणि मरणारे एकाच धर्माचे होते. मारणाऱ्यांना मरणाऱ्यांचा धर्म दिसला नव्हता. त्यांना दिसला होता ‘चोर’. हा चोर त्या गाडीत नव्हता. तो गेले पंधरा दिवस त्यांच्या मनात येऊन बसला होता.

परका म्हणजे चोर

गडचिंचले हे काही पहिले उदाहरण नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. त्या दिवसांत मुले पळवण्याच्या चलच्चित्रांनी सारा देश ढवळून निघाला होता. त्यांतले एक मूळचे कराचीतील होते. मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी केलेल्या छोट्या चित्रपटाचा शेवट कापून टाकून कोणी ते पुढे धाडले होते. आपल्या मुलांना जपा, असे सांगणारी फीत दुसऱ्यांची मुले मारायला कारण झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिकांना पुढे पाठवण्यावर बंधन घातले, आणि १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा झुंडबळींबाबत प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. तरीही १३ सप्टेंबर २०२२ रोजी सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावी पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुले पळवणारे म्हणून मारहाण झालीच. सुदैव एवढेच की ते जिवंत राहिले.

या तिन्ही घटनांत एक सूत्र आहे. जे मारले गेले ते सारे फिरस्ते होते. त्या गावात त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. आपल्या समजुतीतला गुन्हेगार नेहमी बाहेरून येतो. त्याला आपली भाषा येत नाही, त्याचा वेश निराळा असतो, तो रात्री येतो. या समजुतीला एका कायद्याचाही इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पोटासाठी फिरणाऱ्या, एका जागी न राहणाऱ्या माणसांना हजेरी लावणे, त्यांना तारेच्या कुंपणात वसवणे हे त्या कायद्याने सुरू झाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. म्हणूनच या जमातींना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, पण समजूत मागे राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत अशा जमातींविषयी राहून गेलेली भाषा काढून टाकण्यास सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. सरकारी पुस्तकांची ही स्थिती, तर पारावरच्या गप्पांची काय असेल!

आकडे काय म्हणतात?

आता समजूत बाजूला ठेवून नोंदींकडे वळू. देशातील गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी १९५३ पासून प्रसिद्ध होते आणि १९८६ पासून हे काम राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे आहे. या साऱ्या आकड्यांत सर्वांत विश्वासार्ह समजला जातो तो खुनाचा आकडा, कारण प्रेत लपवणे कठीण असते. १९९२ साली देशात ४०,१०५ खून नोंदले गेले. २०२२ साली ही संख्या २८,५२२ होती. मधल्या तीस वर्षांत लोकसंख्या कितीतरी वाढली. म्हणजे लाख लोकांमागे पाहिले तर १९९२ साली खुनाचे प्रमाण ४.६ होते, ते २०२२ साली २.१ वर आले. ‘पूर्वी असे नव्हते’ हे म्हणणे खरेच आहे. पूर्वी याच्या दुप्पट होते.

हे खून कोण करतो, तेही पाहण्यासारखे आहे. २०२२ च्या खुनांपैकी ९,९६२ खून वादांतून झाले. जमिनीचा वाद, पैशांचा वाद, घरातला वाद. लाभासाठी, म्हणजे चोरी-दरोड्यासारख्या लोभातून झालेले खून १,८८४ होते. रात्री दार फोडून येणाऱ्या ज्या अनोळखी मारेकऱ्याची आपण धास्ती घेतो, त्याचा वाटा फार लहान आहे. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत तर शंभरातील नव्वदांहून अधिक वेळा आरोपी हा पीडितेच्या ओळखीतला असतो. नातलग, शेजारी, मित्र किंवा मालक.

मग मुले पळवण्याचे काय? येथे आकडा सकृद्दर्शनी भीतीला पाठिंबा देतो. २०१२ साली अपहरणाचे सुमारे ४७ हजार गुन्हे नोंदले गेले होते. २०१४ साली ते ७७ हजार झाले आणि २०२२ साली एक लाखाच्या वर गेले. दहा वर्षांत दुपटीहून अधिक! पण याचे एक मोठे कारण मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात आहे. कोणतेही मूल हरवल्याची खबर आली की ते पळवले गेले असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे त्या आदेशाने ठरले. पूर्वी जे मूल ‘हरवले’ म्हणून वहीत लिहिले जाई, ते आता ‘अपहृत’ म्हणून लिहिले जाते. रागाने घर सोडून गेलेला मुलगा, आवडत्या मुलासोबत निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, जत्रेत चुकलेले लेकरू, हे सारे त्या आकड्यात आहेत. नोंद वाढली, ही चांगली गोष्ट झाली. कारण शोध लवकर सुरू होऊ लागला. पण नोंद वाढली म्हणजे मुले पळवणारे वाढले, असा अर्थ घेणारा माणूस त्या चांगल्या सुधारणेचेच भय घेतो.

त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असाही निर्णय झाला. म्हणजे ज्या ठाण्यात लोकांची तक्रार प्रामाणिकपणे लिहून घेतली जाते त्या ठाण्याचा आलेख वर जातो, आणि जेथे तक्रारदाराला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवले जाते तेथे कागदावर रामराज्य दिसते. गुन्ह्यांचा आकडा वाढणे आणि गुन्हे वाढणे यांत फरक आहे, असा इशारा नोंदणी विभाग स्वतःच आपल्या अहवालांत देत असतो. अहवालाच्या प्रास्ताविकातला तो इशारा मथळे करणाऱ्यांच्या सहसा नजरेस पडत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पालघर हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले आणि वसईकडची दाट वस्तीची ठाणी जिल्हा पोलिसांच्या हद्दीतून गेली. तेव्हा पालघर पोलिसांचा २०१९ चा आकडा आणि २०२१ चा आकडा शेजारी ठेवून ‘गुन्हे घटले’ म्हणणारा पुढारी जितका चुकतो, तितकाच २०१३ च्या ठाण्याशी तुलना करून ‘वाढले’ म्हणणारा टीकाकारही चुकतो. हद्द बदलली की बेरीज बदलते, एवढे साधे गणित राजकारणाच्या धबडग्यात हरवून जाते.

भय कोठून येते?

मग लोकांना भय वाटते ते का? एक उत्तर असे, की गुन्हा दुर्मीळ असतो म्हणूनच त्याची बातमी होते. उमरोळीच्या हजारो माणसांपैकी ज्यांना आज कोणी लुबाडले नाही त्यांची बातमी होत नाही. पूर्वी पुण्यातला खून पालघरला दुसऱ्या दिवशी चार ओळींत कळे. आता देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातला खून तासाभरात हातातल्या पडद्यावर येतो, आणि तोच दहा वेळा पाहिला की मन दहा खून मोजते. हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत १९९३ नंतर हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तरीही ‘यंदा देशात गुन्हे वाढले का?’ या गॅलप संस्थेच्या प्रश्नाला बहुतेक साली बहुसंख्य लोकांनी ‘वाढले’ असेच उत्तर दिले. ‘तुमच्या भागात वाढले का?’ असे विचारले की त्याच लोकांतले ‘होय’ म्हणणारे कमी होतात. स्वतः पाहिलेल्या जगापेक्षा ऐकलेले जग नेहमी अधिक भयंकर असते.

दुसरे उत्तर असे, की काही गुन्हे खरोखरच इतके क्रूर असतात की त्यांचा ठसा पुसला जात नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी कुटुंब, मग संस्कृतचे व्यासंगी काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांचे कुटुंब. दिवे लागणीनंतर पुण्याच्या रस्त्यांवर तेव्हा शुकशुकाट होत असे. ते भय निराधार म्हणता येणार नाही. पण अशा वेळी मनासमोर जे चित्र उभे राहते ते कोठल्यातरी सराईत दरोडेखोरांच्या टोळीचे असते. प्रत्यक्षात निघाले ते शहरातच कलाशिक्षण घेणारे तरुण. त्यांचा पहिला बळी त्यांच्याच बरोबर शिकणारा होता. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघे येरवड्यात फासावर गेले. बंद दारांनी पुणेकरांनी ज्याला बाहेर ठेवण्याचा प्रयत्न केला होता, तो कोणी परका नव्हता.

ज्या गुन्ह्यांचे भय वाटत नाही

येथवर वाचून कोणी म्हणेल, की लेखकाला सारे आलबेल आहे असे सुचवायचे आहे. तसे मुळीच नाही. आपल्या समजुतीचा खरा दोष असा, की ती ज्या गुन्ह्यांची धास्ती घेते ते थोडे असतात आणि जे पुष्कळ असतात त्यांना ती गुन्हाच मानत नाही.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे एकोणतीस जणींनी नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. ज्या स्त्रियांनी अशी हिंसा भोगली त्यांतील शंभरात चौदा जणींनीच कोणाकडे तरी मदत मागितली, आणि ती बहुतेक वेळा माहेरच्या माणसांकडे. पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत पोचणाऱ्या तर हाताच्या बोटांवर मोजाव्यात. म्हणजे देशातला हा सर्वांत नित्याचा मारहाणीचा गुन्हा बव्हंशी कोणत्याच वहीत नाही. फलाटावर त्याची चर्चा होत नाही. त्यासाठी कोणी काठ्या घेऊन रात्री जागत नाही. भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा आपण रेडिओचा आवाज वाढवतो.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेचे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तिच्याविरुद्ध वसईच्या परिसरात १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. आणि तरीही २०२१ साली मोखाडा तालुक्यातील एका आदिवासी मजुराच्या आत्महत्येनंतर जी फिर्याद नोंदली गेली तिच्यात म्हटले होते, की मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपोटी त्याला वेठीस धरून राबवले गेले. किडन्या काढून नेणाऱ्या कल्पित टोळीच्या भयाने ज्या मुलखात गावेच्या गावे जागली, त्याच मुलखात माणसाचे सारे श्रम उघडउघड काढून घेणाऱ्या माणसाची कोणाला दहशत वाटली नाही. वाटला तो आदर.

तिसरे उदाहरण अगदी ताजे आहे. चोर आता रात्री येत नाही, तो भर दुपारी फोनवर येतो. स्वतःला बँकेचा अधिकारी, वीज मंडळाचा माणूस, कधी पोलीस निरीक्षक म्हणवतो. ‘डिजिटल अटके’ची धमकी देऊन निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी काढून नेतो. २०२१ साली अशा संगणकीय गुन्ह्यांची नोंद ५२,९७४ होती, ती २०२२ साली ६५,८९३ झाली. खुनाचा आलेख उतरत असताना हा आलेख चढतो आहे. ज्या घरांना तीन-तीन कड्याकुलुपे आहेत, त्या घरांतही फोनवर विचारला जाणारा गुप्त आकडा चटकन सांगितला जातो. १९३० हा मदतीचा क्रमांक किती जणांना पाठ आहे?

आणि गुन्हा या शब्दात न बसणारे मरण तर आपल्या दाराशीच आहे. २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. खुनांच्या जवळजवळ सहापट. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती अंत झाला तेव्हा काही दिवस या रस्त्याची चर्चा झाली आणि विरली. जानेवारी २०२० मध्ये तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जीव गेले. त्याला तीन महिने होतात न होतात तोच पाड्यांवर चोरांची बोलवा उठली. कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात त्या तीन महिन्यांत चोरापेक्षा रसायनाचे भय अधिक होते?

भय हसण्यावारी नेऊ नये

तथापि भय हे मूर्खपणाचे लक्षण आहे, असे म्हणून मोकळे होणेही बरे नव्हे. रात्रीच्या शेवटच्या गाडीने उमरोळीला उतरून अंधाऱ्या वाटेने घरी जाणाऱ्या परिचारिकेला किंवा शिकवणी आटोपून परतणाऱ्या मुलीला ‘राष्ट्रीय सरासरी’ सांगून काय उपयोग? तिचे भय आकड्यांतून आलेले नसते; रोज गाडीत सोसाव्या लागणाऱ्या धक्क्यांतून, शेऱ्यांतून आलेले असते, आणि त्यांची नोंद कोठेही नसते. अशा भयाला उत्तर एकच : फलाटावर आणि वाटेवर दिवे, ठरलेल्या वेळी फिरणारा पोलीस आणि तक्रार ऐकून घेणारा ठाणे अंमलदार. आदिवासी पाड्यावरच्या माणसाच्या भयालाही आधार असतो. ज्याला पोलीस येतील याचा भरवसा नाही, ज्याच्या वाट्याला सरकार क्वचितच आणि बहुधा दंड वसूल करायलाच येते, तो स्वतःच काठी उचलतो. टाळेबंदीत वाहतूक बंद, शाळा बंद, बाजार बंद. खरी खबर आणणारी सारी माणसे बंद. अशा पोकळीत अफवेला रान मोकळे मिळाले. गडचिंचल्याचा दोष केवळ गडचिंचल्याच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही.

चार साधे उपाय

अफवेला प्रतिबंध करायचा तर खरी माहिती तिच्याआधी पोचली पाहिजे. पहिली गोष्ट, प्रत्येक पोलीस ठाण्याने दर महिन्याच्या नोंदींचा गोषवारा साध्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. चोऱ्या किती, मारामाऱ्या किती, हरवलेली मुले किती आणि त्यांतली सापडली किती. सापडलेल्या मुलांचा आकडा हा तर भीतीवरचा रामबाण आहे. पण तो कोणी सांगतच नाही. पालघर-बोईसर रस्त्यावर जिल्ह्याचे नवे मुख्यालय उभे आहे. तेथून उमरोळीच्या फलकापर्यंत एक कागद पोचणे अवघड नसावे.

दुसरी गोष्ट, हद्द बदलली किंवा नोंदीचा नियम बदलला असेल तर आकड्यासोबत तसे स्पष्ट लिहावे. कागदावर गुन्हे कमी दिसावेत म्हणून फिर्याद न घेणाऱ्या अधिकाऱ्याची पाठ थोपटली जाऊ नये. लोकप्रतिनिधींनीही आकडा वाढला की अधिकाऱ्याला धारेवर धरण्याआधी तो का वाढला, हे विचारावे.

तिसरी गोष्ट, गस्तीची. १९६७ च्या कायद्याने गावोगावी पोलीस पाटील आहे. रात्रीची गस्त घालायचीच असेल तर ती त्याच्या माहितीने, नावांची यादी करून, आणि एका नियमाने व्हावी : अनोळखी माणूस दिसला तर त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि ११२ वर कळवावे. त्याच्या अंगाला हात लावू नये. हा नियम गावाने ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. गर्दी जमल्यावर शहाणपण सुचत नाही. ते आधीच ठरवून ठेवावे लागते.

चौथी गोष्ट शिक्षक आणि विद्यार्थी यांची. अंकगणिताच्या तासाला व्याज आणि नफा-तोटा शिकवतो तसे ‘दर लाखामागे’ म्हणजे काय हेही शिकवावे. फोनवर आलेल्या चित्राची तारीख कोणती, ठिकाण कोणते, पाठवणाऱ्याने ते स्वतः पाहिले का, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय दहावीच्या मुलाला लावता आली, तर तो मुलगा घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सावरील. पाड्यावर आजही ‘मास्तर काय म्हणतात’ याला किंमत आहे. त्या किमतीचा उपयोग अशा वेळी झाला नाही, तर कधी होणार?

शेवटी एक हिशेब प्रत्येकाने स्वतःशी मांडून पाहावा. गेल्या वर्षभरात मी कोणाकोणाविषयी संशय घेतला? भंगारवाला, फेरीवाला, चाळीत नवा आलेला बिहारी कामगार, नंदीबैल घेऊन दारी आलेला माणूस. त्यांतल्या किती जणांनी माझे काही नुकसान केले? आणि ज्यांनी खरोखर नुकसान केले ते कोण होते? हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर बहुतेकांच्या जमेच्या आणि नावेच्या बाजू उलट्या पडलेल्या आढळतील. गडचिंचल्याला त्या रात्री हा हिशेब मांडायला कोणाला उसंत मिळाली नाही. आपल्याला ती आहे. पुढची अफवा उठण्याआधी तो मांडून ठेवणे हे त्या तिघांचे आपल्यावर उरलेले देणे आहे.